‘ब्रह्मचारी’चा बाप: मास्टर विनायक आणि मराठी बोलपटातला विनोद

नट-दिग्दर्शक मास्टर विनायक हे नाव आज बहुतेकांच्या कानावर दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीतून येतं. अभिनेत्री नंदाचे वडील म्हणून, नाहीतर दीनानाथ गेल्यावर तेरा वर्षांच्या लताला काम देणारा भला माणूस म्हणून. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यांच्या आडोशाला त्यांचं स्वतःचं काम झाकलं गेलंय. मराठी बोलपट हसायला लागला तो मुख्यतः या माणसाच्या हातून, आणि तोही जेमतेम पाच-सहा वर्षांत. गंमत अशी, की विनायकरावांची स्वतःची ओढ गंभीर, ध्येयवादी, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या चित्रपटांकडेच जास्त होती. विनोद हा त्यांच्या घरी पाहुणा म्हणून आला आणि घरधनी होऊन बसला.

आधी थोडं मागे जायला हवं. आपल्याकडे पडद्यावरचा विनोद बोलपटाबरोबर आला असं नाही. दादासाहेब फाळके पौराणिक चित्रपटांसाठी ओळखले जातात, पण सुरुवातीच्याच वर्षांत त्यांनी ‘पिठाचे पंजे’ नावाचा छोटा विनोदी चित्रपट केला होता. कलकत्त्यात धीरेंद्रनाथ गांगुली यांनी १९२१ च्या ‘बिलेत फेरत’मध्ये विलायतेहून परतलेल्या बाबूची खिल्ली उडवली. म्हणजे मूकपटाच्या काळातच थट्टा सुरू झाली होती. मात्र ती हातवारे, धडपड, वेश आणि चेहरा यांवर उभी होती. शब्द मध्ये पाटीवर येणार, तोवर हशा निसटून जाणार.

मराठी विनोदाची अडचण नेमकी हीच होती. आपला विनोद वाचण्यातला आणि ऐकण्यातला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या ही मंडळी घराघरांत पोचवली. गडकऱ्यांनी बाळकराम उभा केला. नाटकात कोट्यांचा पाऊस. पुढच्या पिढीत आचार्य अत्रे ‘झेंडूची फुले’ घेऊन आले आणि त्यांनी कवींच्या नाजूक दुखण्यांवर बोट ठेवलं. बडोद्याला पाली शिकवणारे प्राध्यापक चिंतामण विनायक जोशी चिमणरावाला मासिकांतून मिरवायला लागले. हा सगळा ऐवज छापील पानावर आणि रंगमंचावर तयार होता. पडदा मुका असेपर्यंत त्याचा उपयोग नव्हता. १९३२ मध्ये पडदा मराठीत बोलायला लागला. तरी पुढची चार-पाच वर्षं हे भांडार उघडायचं धाडस फारसं कुणाला झालं नाही. राजे, ऋषी, संत आणि देव बोलत राहिले.

विनायक दामोदर कर्नाटकी यांचा जन्म १९ जानेवारी १९०६ चा, कोल्हापूरचा. कोल्हापूर हे तेव्हा नुसतं संस्थान नव्हतं. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी तिथली. त्या कंपनीतून फुटून १९२९ मध्ये निघालेली ‘प्रभात’ही तिथलीच. विनायकरावांच्या घराची नाती तर थेट या धंद्यात गुंतलेली. बाबूराव आणि भालजी पेंढारकर, व्ही. शांताराम हे सगळे नात्यातले. भाऊ वासुदेव कर्नाटकी कॅमेऱ्यामागे उभे. अशा घरातला देखणा, गाता गळा असलेला तरुण चित्रपटात शिरला नसता तरच नवल.

ते पडद्यावर आले ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’त, नारद म्हणून. फेब्रुवारी १९३२ मध्ये प्रदर्शित झालेला हा पहिला मराठी बोलपट. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गाबाई खोटे तारामती आणि वीणा घेतलेले विनायक. त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्यांनी गोरखनाथ केला. स्त्रीराज्यात रमलेल्या गुरूला ‘चलो मच्छिंदर गोरख आया’ म्हणत बाहेर काढणारा तो कडकडीत जोगी. सहा वर्षांनी ‘ब्रह्मचारी’त हाच नट एका पोरीच्या पोहण्यापुढे ब्रह्मचर्य गमावून बसणार होता. अत्र्यांनी ती भूमिका लिहिताना गोरख डोक्यात ठेवला होता का, कोण जाणे. पण ज्या प्रेक्षकांनी दोन्ही चित्रपट पाहिले, त्यांना दुप्पट हसू आलं असणार.

१९३३ मध्ये ‘प्रभात’ पुण्याला गेली. कोल्हापूरच्या दृष्टीनं हा मोठा धक्का होता. कारागीर, नट, तंत्रज्ञ अशी सगळी माणसं तयार, आणि मुख्य कंपनीच गावाबाहेर. दरबाराच्या पाठबळावर कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली ती ही पोकळी भरून काढायला. बाबूराव पेंढारकर, भालजी, विनायक तिकडे गेले. तिथेच १९३५ मध्ये विनायकरावांनी ‘विलासी ईश्वर’ दिग्दर्शित केला. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा पहिलाच. शोभना समर्थ यांचं पडद्यावरचं पदार्पणही याच चित्रपटातलं. त्यात विनोदी काही नव्हतं.

वर्षभरात या मंडळींनी संस्थानी छत्र सोडलं आणि स्वतःची कंपनी काढली. तीच १९३६ ची हंस पिक्चर्स. तिघे भागीदार होते. व्यवहार आणि खलनायकी बाबूराव पेंढारकरांकडे, कॅमेरा पांडुरंग नाईकांकडे, दिग्दर्शन आणि नायकाचं काम विनायकांकडे. ‘प्रभात’च्या शांतारामांसारखी शिस्त नाही, तिथल्याच दामले-फत्तेलालांसारखा कलाविभाग नाही, ‘प्रभात’सारखा पैसा तर नाहीच. मग ‘हंस’कडे होतं काय? माझ्या मते एकच मोठी गोष्ट होती: लेखकांबद्दलचा आदर. तेव्हा कंपन्यांमध्ये लेखक म्हणजे सेटवर बसून संवाद पुरवणारा पगारी मुनशी. ‘हंस’नं उलटं केलं. साहित्यात ज्यांचं नाव आहे त्यांच्याकडे जायचं, त्यांना स्वतंत्र कथा लिहायला लावायची, आणि जाहिरातीत त्यांचं नाव नटांच्या बरोबरीनं झळकवायचं.

पहिले आले वि. स. खांडेकर. कोकणातल्या शिरोड्याला शाळा चालवणारे, कादंबऱ्यांमुळे तरुणांच्या गळ्यातला ताईत झालेले भाऊसाहेब. त्यांची ‘छाया’ (१९३६) ही ‘हंस’ची पहिली कलाकृती. गरिबी, आजारपण, औषधासाठी केलेली चोरी आणि त्यामुळे सबंध घरावर पडलेली सावली. लीला चिटणीस नायिका. चित्रपट गाजला. विनायकरावांना आपला सूर सापडला असं वाटलं असणार. खांडेकरांबरोबरचं हे नातं शेवटपर्यंत टिकलं. ‘देवता’, ‘अमृत’, ‘माझं बाळ’ ही पुढची नावं. १९३८ मध्ये खांडेकर शिरोडं सोडून कोल्हापुरातच राहायला आले. ध्येयवादी नायक, समाजानं चिरडलेली स्त्री, अलंकारिक संवाद हे त्या जोडीचं दुकान.

दुसरे आले अत्रे. आणि इथे गोष्ट बदलली.

प्रल्हाद केशव अत्रे तोपर्यंत महाराष्ट्राला चांगले माहीत झाले होते. सासवडचा हा माणूस पुण्यात शाळेचा हेडमास्तर होता. ‘साष्टांग नमस्कार’, ‘भ्रमाचा भोपळा’, ‘लग्नाची बेडी’ या नाटकांनी त्यांनी थिएटरं डोक्यावर घेतली होती. ‘हंस’साठी त्यांनी आधी ‘धर्मवीर’ (१९३७) लिहिला. मूळ इब्सेनच्या एका नाटकाचं, पण अत्र्यांनी त्याला अस्सल देशी दांभिक बहाल केला. बाहेरून धर्माचा खांब, आतून पोखरलेला लाकूडफाटा. बाबूराव पेंढारकरांसारखा नट हाताशी असल्यावर दांभिकाचं पात्र फुलायला किती वेळ लागतो? ‘धर्मवीर’ पूर्ण विनोदी नव्हता, पण त्यातल्या टवाळीनं विनायकरावांना दाखवून दिलं की खांडेकरांच्या अश्रूंइतकीच अत्र्यांची चेष्टाही थिएटर भरू शकते.

तरी मोठा पैसा लावायची वेळ आली तेव्हा विनायकरावांनी तो गंभीर चित्रपटावरच लावला. १९३८ चा ‘ज्वाला’. कथा खांडेकरांची, सेट भव्य, आणि नायकाच्या जागी ‘अमृत मंथन’मुळे देशभर गाजलेले, भेदक डोळ्यांचे चंद्रमोहन. ‘हंस’च्या मानानं खर्च प्रचंड. आणि ‘ज्वाला’ पडला. पुरा पडला. छोट्या कंपनीचा एक चित्रपट असा आपटला की कंपनी उठत नाही, हा त्या धंद्याचा सर्वसाधारण अनुभव. ‘हंस’ उठली, कारण त्याच वर्षी तिच्याकडे आणखी एक चित्रपट होता. त्यात राजवाडे नव्हते, परप्रांतातून आणलेला तारा नव्हता. एक भोळा तरुण, एक आश्रम आणि एक तळं, बस.

‘ब्रह्मचारी’ची गोष्ट चार ओळींत सांगता येते, आणि तेच तिचं बळ आहे. औदुंबर हा साधासुधा तरुण. खोलीत सिनेनट्यांची चित्रं, डोक्यात संसाराची स्वप्नं. एके दिवशी तो देशभक्त जटाशंकरांचं ब्रह्मचर्यावरचं व्याख्यान ऐकतो आणि पेटतो. नट्यांच्या तसबिरी जातात, जोर-बैठका येतात, आणि स्वारी थेट आचार्य चंडीरामांच्या आश्रमात दाखल होते. तिथे किशोरी भेटते. पुढचं सांगायला नकोच.

आज हे ऐकताना ‘यात काय विशेष?’ वाटेल. विशेष काय ते समजायला १९३८ साल डोळ्यांपुढे आणावं लागतं. त्या काळात ब्रह्मचर्य ही चेष्टेची गोष्ट नव्हती, राष्ट्रकार्य होतं. व्यायामशाळा, आश्रम, वसतिगृहं, व्याख्यानमाला सगळीकडे तोच उपदेश चाले: वीर्यरक्षण करा, देश तरेल. आजन्म अविवाहित राहायची शपथ घेणारे तरुण गावोगावी होते, आणि त्यांतले बरेच दोन-तीन वर्षांत गुपचूप बोहल्यावर चढत. हे सगळ्यांना माहीत होतं. मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं. अत्र्यांनी ते बोलून टाकलं. विनायकांनी स्वतः औदुंबर होऊन ते करून दाखवलं. इथे त्यांच्यातल्या दिग्दर्शकाची नजर दिसते. कंपनीचा नायक, गाणारा, देखणा, आदर्शवादी भूमिकांमुळे लोकांच्या मनात बसलेला. त्यालाच हास्यास्पद करायचं. औदुंबर विदूषक नाही. तो मनापासून प्रामाणिक आहे, म्हणूनच हसू येतं. दुसऱ्या एखाद्या नटानं तिथे डोळे मिचकावून ‘मी थट्टा करतोय बरं का’ असं सुचवलं असतं. विनायक ते करत नाहीत. नट म्हणून त्यांचं हे काम मला त्यांच्या सगळ्या खांडेकरी नायकांपेक्षा सरस वाटतं.

किशोरी होती मीनाक्षी शिरोडकर. तिचा हा पहिलाच चित्रपट. ‘यमुनाजळी खेळू खेळ कन्हैया, का लाजता’ म्हणत ती पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरते आणि काठावरच्या ब्रह्मचाऱ्याची गाळण उडते. शब्द अत्र्यांचे, चाल दादा चांदेकरांची. मराठी घरातली, शिकलेली, गाणारी मुलगी त्या पोशाखात पडद्यावर पाहून केवढा गहजब झाला! टीका झाली, अग्रलेखी भाषेत संस्कृती बुडाली, आणि तिकीटखिडकीवर रांगा लागल्या. तेव्हापासून आजतागायत ‘ब्रह्मचारी’चं नाव निघालं की आधी तो पोशाखच निघतो. (नम्रता आणि शिल्पा शिरोडकर या मीनाक्षीबाईंच्या नाती, हे वाक्यही मग मागोमाग येतंच.) मला मात्र त्या प्रसंगात वेगळीच गोष्ट दिसते. गाण्याच्या शब्दांत राधा-कृष्णाचा जुनाच खेळ आहे, फक्त उलटा. इथे लाजणारा कन्हैया आहे आणि बोलावणारी ती. कीर्तनात-लावणीत शेकडो वेळा ऐकलेली यमुना अत्र्यांनी हळूच ब्रह्मचाऱ्याच्या पायाखाली आणून सोडली. नुसतं अंगप्रदर्शन असतं तर ते केव्हाच विसरलं गेलं असतं.

दिग्दर्शनाच्या अंगानं पाहिलं तर ‘ब्रह्मचारी’त कॅमेऱ्याच्या करामती नाहीत. विनायक माणसं चौकटीत उभी करतात आणि त्यांना बोलू देतात. आज ते नाटकी वाटतं, आणि काही जागी ते आहेच. पण हा विनोद वाक्याच्या शेवटी फुटणारा आहे. तिथे कॅमेरा नाचवला असता तर मजा गेली असती. त्यांची खरी कमाई म्हणजे नटसंच. दामुअण्णा मालवणकर, विष्णुपंत जोग, साळवी, जावडेकर अशी रंगभूमीचं पाणी प्यालेली मंडळी. दामुअण्णांची तिरळी नजर तर त्यांचं भांडवलच होती. ते कुणाकडे पाहताहेत हे समोरच्याला कळायच्या आत वाक्य संपलेलं असे. तेच चेहरे एका चित्रपटातून दुसऱ्यात येऊ लागले आणि प्रेक्षक त्यांची वाट पाहू लागले. मराठी पडद्यावर विनोदी नटांची अशी बांधलेली फळी त्याआधी नव्हती.

पुढच्याच वर्षी ‘ब्रँडीची बाटली’. या वेळी दामुअण्णा थेट नायक. तेव्हा मुंबई प्रांतात काँग्रेसचं सरकार होतं आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी आली. अत्र्यांनी तापला तवा पाहून पोळी भाजली. म्युनिसिपालिटीतला एक भित्रा, भोळा कारकून बगाराम. आजारी माणसासाठी ब्रँडी हवी म्हणून तो बाटलीच्या शोधात निघतो, आणि ब्रँडी म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नाही. एवढ्याशा धाग्यावर अख्खा चित्रपट. तिरळ्या, गोंधळलेल्या, मध्यमवयाकडे झुकलेल्या कारकुनाला नायक करणं हा निर्णय नीट पाहावा असा आहे. तोवर विनोदी पात्र नायकाच्या शेपटीला बांधलेलं असे. इथे ते मधोमध आलं, आणि त्याच्याबरोबर दादर-गिरगाव-सदाशिव पेठेतला पगारदार मराठी माणूसही. शूर नाही, श्रीमंत नाही, साहेबाला घाबरणारा आणि तरी प्रेमात पडणारा.

‘अर्धांगी’ (१९४०) हा याच मालिकेतला. नवऱ्याला घरातल्या साध्यासुध्या बायकोचा कंटाळा आलेला, त्याला हवी नव्या वळणाची. यथावकाश त्याचे डोळे उघडतात. विनायक, मीनाक्षी, बाबूराव आणि लीला चिटणीस असा भरगच्च संच असूनही हा विनोद मला आता नकोसा होतो. ‘ब्रह्मचारी’त हसू सत्ताधाऱ्यांच्या दिशेनं जातं: आचार्य, व्याख्याते, उपदेशक. ‘अर्धांगी’त ते शिकलेल्या बाईकडे वळतं. अत्र्यांच्या नाटकांतही हा झोका आहेच. एका नाटकात ते बाईला घराबाहेर पडायचं बळ देतील, दुसऱ्यात तिच्या टेनिसच्या रॅकेटवर कोटी करतील. विनायकरावांनी लेखकाला मोकळीक दिली ती अशी दोन्ही बाजूंनी.

एक व्यवहाराची बाजू सांगायला हवी. ‘हंस’चे बरेच चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघत. ‘ब्रँडी की बोतल’, ‘घर की रानी’ ही त्यांची हिंदी रूपं. मराठीचा बाजार लहान. खर्च भरून काढायचा तर हिंदी हवीच. अश्रूंना भाषेची अडचण कमी, पण अत्र्यांची कोटी हिंदीत नेली की तिचं बोट सुटतं. विनायकांचे विनोदी चित्रपट महाराष्ट्रात जितके डोक्यावर घेतले गेले त्या प्रमाणात उत्तरेत त्यांचं नाव झालं नाही, याचं एक कारण मला इथेच दिसतं.

१९४० मध्ये या सगळ्यांनी मोठी उडी घेतली. ‘हंस’ आटोपती घेऊन नवयुग चित्रपट लिमिटेड उभी केली. घरगुती भागीदारीऐवजी भागभांडवलाची कंपनी, मागे अत्रे, बाबूराव, विनायक अशी नावं. कागदावर हे झकास दिसत होतं. प्रत्यक्षात अत्रे आणि विनायक यांचं लवकरच बिनसलं. दोघंही भावनाप्रधान, दोघंही स्वतःला चित्रपटाचा कर्ता समजणारे, त्यामुळे एका म्यानात दोन तलवारी फार दिवस राहणं कठीणच होतं. अत्रे बाहेर पडले आणि १९४१ मध्ये त्यांनी स्वतःचा ‘पायाची दासी’ आणला. मराठी विनोदी बोलपटाला घडवणारी ही जोडी तीन-चार वर्षांत संपली.

विनायकांनी मग विनोदासाठी दुसरं दार ठोठावलं, ते चिं. वि. जोशींचं. ‘लग्न पाहावं करून’ (१९४०) मध्ये चिमणराव आणि गुंड्याभाऊ पहिल्यांदा पडद्यावर अवतरले. दामुअण्णा चिमणराव, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. चिंवि अत्र्यांच्या अगदी उलट प्रकृतीचे. अत्र्यांचा विनोद आरडाओरडा करत दार ढकलून आत येतो. चिंविंचा चपला बाहेर काढून, अंग चोरून. त्यात कुणाची दांभिकता उघडी पाडायची नसते. स्थळ पाहणं, हुंडा, मानपान, वरातीतले घोटाळे, पाहुण्यांची सरबराई असं नेहमीचं आयुष्य थोडंसं वाकडं धरून दाखवायचं. दिग्दर्शकाला हा माल जास्त अवघड. अत्र्यांचं वाक्य कुणीही म्हटलं तरी हशा येतो; चिमणरावाचं वाक्य चिमणरावाच्याच चेहऱ्यावर बसावं लागतं. विनायकांनी ते साधलं. १९४२ मध्ये चिंविंच्याच लेखनावरचा ‘सरकारी पाहुणे’ आला. या दोन चित्रपटांचं श्रेय ‘ब्रह्मचारी’च्या सावलीत कायम कमी मोजलं जातं.

मधल्या काळात खांडेकरांचा ‘अमृत’ (१९४१) झालाच. विनोद आणि अश्रू यांची पाळी विनायकांनी कधी चुकवली नाही.

दुसऱ्या महायुद्धानं छोट्या कंपन्यांची हवा काढली. कच्ची फिल्म परदेशातून येई. ती मिळेनाशी झाली. सरकारनं चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली आणि मग फिल्मच परवान्यावर वाटायला सुरुवात केली. लिमिटेड कंपनीत हिशेब, संचालक, मतभेद. विनायक ‘नवयुग’मधूनही बाहेर पडले आणि त्यांनी कोल्हापुरात प्रफुल्ल पिक्चर्स काढली. पुन्हा नवी कंपनी, वय सदतीसच्या आसपास.

मंगेशकर कुटुंबाची गोष्ट इथली. एप्रिल १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले. थोरली लता तेव्हा तेरावं वरीस चालू असलेली. विनायक दीनानाथांचे स्नेही. ‘नवयुग’च्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये तिला छोटी भूमिका आणि गाणं मिळालं, आणि पुढे ‘प्रफुल्ल’मध्ये महिन्याच्या पगारावर नोकरी. ‘माझं बाळ’, ‘गजाभाऊ’ यांत ती पडद्यावर दिसते. ‘गजाभाऊ’ या मराठी विनोदी चित्रपटातच तिनं तिचं पहिलं हिंदी गाणं गायलं. रंग फासून कॅमेऱ्यासमोर उभं राहणं तिला कधीच आवडलं नाही, हे पुढे तिनंच अनेकदा सांगितलं. पण घर त्यावर चाललं. १९४५ मध्ये ‘प्रफुल्ल’ मुंबईला गेली, आणि कंपनीच्या मागोमाग लताही. तिथून पुढचा इतिहास सांगायची गरज नाही.

मुंबईतले विनायक वेगळे होते. आता चित्रपट हिंदी, नट-नट्या मोठ्या, विषय काळाच्या मागणीचे. ‘बडी माँ’ (१९४५) मध्ये नूरजहाँ नायिका आणि पार्श्वभूमी युद्धाची. छोट्या भूमिकांत लता आणि आशा. त्यानंतर ‘सुभद्रा’ (१९४६), संगीत वसंत देसाईंचं. या चित्रपटांत कारागिरी आहे, पण कोल्हापूरची ती टवाळ मंडळी, लेखकाशी रात्र-रात्र वाद घालणारं ते वातावरण नाही. विनोदी दिग्दर्शक म्हणून त्यांची कारकीर्द मुंबईला येतानाच जवळपास संपली होती, असं मला वाटतं. मराठी चित्रपटाचाच तो पडता काळ होता. पैसा मुंबईत आणि हिंदीत.

१९ ऑगस्ट १९४७ रोजी विनायक गेले. देश स्वतंत्र होऊन चार दिवस झाले होते, त्यांना बेचाळीसावं चालू होतं. हाती घेतलेला ‘मंदिर’ त्यांचे सहायक दिनकर द. पाटील यांनी पुरा केला आणि तो १९४८ मध्ये लागला. त्यात बेबी नंदा होती. वडील गेल्यावर घराला हातभार लावायला ही मुलगी बालपणीच कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. पुढे १९५६ मध्ये शांतारामांनी ‘तूफान और दिया’त तिला नायिका केलं. १९४२ मध्ये विनायकांनी दीनानाथांच्या मुलीसाठी केलं, तेच थोड्याफार फरकानं त्यांच्या मुलीच्या वाट्याला आलं.

त्यांचा विनोद कुठे गेला? दिनकर पाटलांनी ‘राम राम पाव्हणं’ (१९५०) केला तेव्हा त्याला संगीत दिलं लता मंगेशकर यांनी; ‘प्रफुल्ल’ची दोन माणसं पुन्हा एकत्र. त्याहून ठळक धागा ग. दि. माडगूळकरांचा. ‘ब्रह्मचारी’त एका किरकोळ भूमिकेत उभा राहिलेला हा माणदेशी पोरगा तिथेच चित्रपट शिकायला लागला. १९५२ मध्ये त्याच्याच लेखणीतून राजा परांजपे यांनी ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ काढले. भोळ्या मध्यमवर्गीयाला मधोमध ठेवायचं, त्याच्यावर हसायचं पण त्याला तुच्छ लेखायचं नाही, आणि लेखकाच्या वाक्याला कॅमेऱ्याइतकाच मान द्यायचा ही रीत तिथे जशीच्या तशी दिसते. सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर चिमणराव-गुंड्याभाऊ आले, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे घराघरांत पोचले, तेव्हा पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होतं की ही जोडी चाळीस वर्षांपूर्वीच कॅमेऱ्यासमोरून जाऊन आली आहे.

‘ब्रह्मचारी’ आजही पाहायला मिळतो. पाहाल तर ‘यमुनाजळी’पाशी घाई करून पोचू नका. त्याआधी औदुंबर व्याख्यान ऐकून घरी परततो आणि तावातावानं भिंतीवरच्या नट्यांना हद्दपार करतो, तिथे विनायकांचा चेहरा नीट पाहा.